‘घरच्यासारखी’ : घरकामगार स्त्री आणि कुटुंब यांच्यातील नाते (धार व देवासच्या संदर्भात)

प्रस्तावना

धार आणि देवास ही माळव्यातील दोन शहरे पवार घराण्याच्या संस्थानांच्या राजधान्या म्हणून प्रसिद्ध आहेत. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दरबाराच्या निमित्ताने शिलेदार, कारकून, शिक्षक, वैद्य अशी मराठी कुटुंबे येथे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. त्यांच्या शेजारी उर्दू बोलणारी मुस्लिम कुटुंबे, माळवी बोलणारा स्थानिक समाज आणि धारच्या परिसरात भील व भिलाला समाज अशी येथील वस्ती आहे. या समाजांचे धर्म, भाषा आणि खाणेपिणे वेगवेगळे असले तरी त्यांतील मध्यमवर्गीय घरांत एक गोष्ट समान आढळते. रोज ठराविक वेळी एक स्त्री मागच्या दाराने घरात येते, भांडी-धुणी, केर-फरशी उरकते आणि दुसऱ्या घरी जाते. घरातील कपाटाच्या किल्ल्या कोठे असतात, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाला कोणते औषध चालू आहे, हे सर्व तिला ठाऊक असते. मात्र तिचे नाव त्या घरातील कोणत्याही कागदावर नसते.

तिच्याविषयी विचारले असता बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते, “ती आमच्या घरच्यासारखीच आहे.” हे वाक्य प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते बहुधा मनापासून उच्चारलेले असते, त्यामुळे त्यास ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वेतन किती, रजा किती, आजारपणात काय, या प्रश्नांच्या उत्तराऐवजी जेव्हा ते पुढे केले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. हा बदल कसा घडतो, हे शब्द, इतिहास, व्यवहार आणि कायदा या चार अंगांनी पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

शब्दांतून दिसणारे नाते

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत घरकामाशी संबंधित शब्दांचा मोठा साठा आहे. ‘नोकर’ हा शब्द फारसीतून आला, तथापि त्याचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ सरदाराचा साथीदार असा होता. म्हणजे जो शब्द आज खालच्या पायरीवर उभा आहे, तो एके काळी सोबत्याचा वाचक होता. ‘चाकर’, ‘खिदमतगार’, ‘हुजऱ्या’ हे शब्द दरबारी व्यवस्थेतून घरात आले. ‘आया’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिले. दरमहा मिळणाऱ्या वेतनास जुन्या मराठी कागदांत ‘मुशाहिरा’ म्हणत, तो अरबी शब्द होय.

‘मोलकरीण’ या शब्दाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या पोटातच ‘मोल’ आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. या शब्दात दया नाही आणि नातेही नाही, केवळ व्यवहार आहे. परंतु पुढे तो कमीपणाचा वाटू लागला आणि सुशिक्षित घरांतून त्याची जागा ‘बाई’, ‘मावशी’, ‘ताई’ या शब्दांनी घेतली. मुस्लिम घरांतून ‘बुआ’, ‘खाला’ अशी हाक रूढ झाली. जुन्या उर्दूत घरकाम करणाऱ्या स्त्रीस ‘मामा’ म्हणत. मराठी विद्यार्थ्यास आईच्या भावाचा वाचक असलेला हा शब्द उर्दूत मोलकरणीचा वाचक व्हावा, याचे नेहमी आश्चर्य वाटते.

नात्याच्या हाकांमुळे बोलण्यातील कठोरपणा कमी झाला, यात शंका नाही. पण ‘मोल’ हा शब्द गेला, तशी मोलाविषयी बोलण्याची सोयही गेली. मावशीशी पैशाची घासाघीस कशी करावी, हा संकोच मालकिणीस वाटतो. वहिनींकडे पगारवाढ कशी मागावी, हा संकोच काम करणारीस वाटतो. मात्र दोन्ही संकोचांचा परिणाम सारखा नाही. बोलणे झाले नाही तर मालकिणीचे काही बिघडत नाही. काम करणारीचा पगार मात्र आहे तेथेच राहतो.

संस्थानी काळातील घर आणि नोकर

मराठी दरबारांत अठरा कारखान्यांची परंपरा होती. मुदपाकखाना, आबदारखाना, फरासखाना, जामदारखाना अशा विभागांतून घरगुती कामाची वाटणी होत असे आणि त्यांतील सेवकवर्गास ‘शागिर्दपेशा’ म्हणत. या सेवकांची नोंद होई, नेमणूक होई आणि वेतन ठरलेले असे. म्हणजे राजवाड्यातील नोकरास निदान कागदावर स्थान होते.

याच समाजात घरकामाचा आणखी एक प्रकार होता आणि त्याचा विसर पडू देणे योग्य नाही. मराठी राज्यात विकत घेतलेल्या दासींना ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हणत. दळण, कांडण, पाणी भरणे, गोठा सांभाळणे ही कष्टाची कामे त्यांच्याकडे असत. माळव्याविषयी या संदर्भात एक महत्त्वाची साक्ष उपलब्ध आहे. पेशवाईच्या अस्तानंतर माळव्याची व्यवस्था पाहणाऱ्या सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानविषयीचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. माळव्यात गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांपुरती असून अशा स्त्रियांची संख्या मोठी आहे, असे त्याने नोंदवले. पुरुष गुलाम थोडे असून त्यांना नोकरापेक्षा दत्तक मुलासारखे वागवले जाते, असेही त्याने लिहिले.

ही नोंद लक्षपूर्वक वाचली पाहिजे. विकत घेतलेला मनुष्यही ‘मुलासारखा’ असू शकतो, असे ती सांगते. यावरून दिसते की, जिव्हाळा आणि पराधीनता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, त्या एकाच घरात एकत्र नांदू शकतात. म्हणून केवळ प्रेमाने वागवले जाते, एवढ्यावरून नाते न्याय्य आहे असे ठरत नाही. निघून जाण्याची मुभा आहे काय, कामाचे मोल ठरलेले आहे काय आणि नाही म्हणण्याची सोय आहे काय, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली. संस्थानांचा कारभार वेगळा असल्याने तेथे तो कायदा आपोआप लागू झाला नाही.

पुढील काळाचे चित्र इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या पुस्तकातून मिळते. ते १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस होते. देवासच्या टेकडीवरील देवीच्या नावाने त्यांनी त्या दिवसांच्या पत्रांचे व आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात राजवाडा आहे, उत्सव आहेत, नोकरचाकरही आहेत. पण ते सर्व मालकाच्या पाहुण्याच्या नजरेतून आलेले आहेत. त्या नोकरांपैकी कोणी आपल्या घरी काय सांगितले असेल, हे कळण्यास साधन नाही. घरकामाच्या इतिहासाची हीच मोठी अडचण आहे. लिहिणारा हात बहुतेक वेळा मालकाचा असतो.

या दृष्टीने बेबी हालदार यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. गुडगाव येथे घरकाम करणाऱ्या या बंगाली स्त्रीने मालकाच्या प्रोत्साहनाने आपली जीवनकथा लिहिली आणि ती २००२ मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाली. हे मालक म्हणजे प्रेमचंदांचे नातू, प्राध्यापक प्रबोध कुमार होत. त्यांनी वही आणि लेखणी दिली, त्यामुळे तोवर फक्त ऐकणारी व्यक्ती सांगणारी झाली.

वाड्यापासून कॉलनीपर्यंत

१९४८ मध्ये धार आणि देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये ती मध्य प्रदेशचा भाग बनली. दरबार गेला, तशी दरबाराच्या आश्रयाने चालणारी मोठी घरेही हळूहळू आक्रसली. वाड्यात राहणारी, तेथेच जेवणारी, मुलांची लग्ने मालकाच्या मदतीने करणारी नोकर-कुटुंबे कमी झाली. पुढे देवासला कारखाने आले, १९७४ मध्ये नोटांचा सरकारी छापखाना सुरू झाला आणि धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. नव्या कॉलन्या वसल्या. घरातील सुना नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या आणि घरकामासाठी बाई ही चैन न राहता गरज झाली.

या बदलामुळे नात्याचे स्वरूपही पालटले. पूर्वीची नोकर एका घरची असे, आजची बाई चार घरची असते. पगार महिन्याचा असला तरी तो कामावर ठरतो. भांड्यांचे वेगळे, धुण्याचे वेगळे, झाडू-पोछाचे वेगळे, पोळ्यांचे वेगळे. एका अर्थी ही प्रगती आहे, कारण एका घराची मर्जी गेली तरी तीन घरे उरतात. पण जुन्या व्यवस्थेत मिळणारा आधार गेला आणि त्याच्या जागी नवे हक्क आले नाहीत. रजेचे उदाहरण घ्यावे. चारही घरांनी महिन्यातून दोन सुट्ट्या दिल्या, पण प्रत्येकीने आपल्या सोयीचा दिवस ठरवला, तर त्या बाईला पूर्ण सुट्टीचा एकही दिवस मिळत नाही. चारही मालकिणी उदार आहेत, तरीही ती रोज कामावर आहे.

दुसरे उदाहरण सुट्टीतील पगाराचे. कुटुंब उन्हाळ्यात पंधरा दिवस गावाला गेले तर त्या दिवसांचा पगार द्यावा की नाही? बाई कामास तयार होती, घर बंद होते. काही घरे पूर्ण पगार देतात, काही कापतात आणि बहुतेक ठिकाणी हे आधी ठरलेले नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हाच प्रश्न देशभर मोठ्या स्वरूपात उभा राहिला. घराची दारे एका दिवसात बंद झाली. काहींनी महिनोन्‌महिने पगार दिला, काहींनी पहिल्याच महिन्यात थांबवला. ‘घरच्यासारखी’ या शब्दाचा खरा अर्थ प्रत्येक घराने त्या वेळी आपापल्या कृतीने सांगितला.

हिशेबाविना विश्वास

घरकामाच्या नात्यात विश्वासावर फार भर दिला जातो. परंतु जेथे हिशेब नसतो तेथे विश्वास फार काळ टिकत नाही, हे साहित्याने फार पूर्वी दाखवून दिले आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ ही उर्दू कादंबरी १८६९ ची. तिच्यातील मामा अजमत ही घरातील जुनी मोलकरीण आहे. बाजारहाट तिच्या हाती, उधारी तिच्या हाती आणि घरच्यांना हिशेब ठाऊक नाही. नवी सून असगरी हिशेब पाहू लागते तेव्हा मामाची लबाडी उघडकीस येते आणि तिला घर सोडावे लागते. ही कथा सहसा सुगृहिणीच्या चातुर्याची कथा म्हणून शिकवली जाते. पण तिच्यातून आणखी एक प्रश्न निघतो. इतकी वर्षे हिशेब न ठेवणाऱ्या घराची जबाबदारी काहीच नव्हती काय? मामाचे वेतन किती होते आणि ते वेळेवर मिळत होते काय, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगितले तर वाचनाची दिशा बदलते.

इस्मत चुगताई यांची ‘गेंदा’ ही कथा याच नात्याची दुसरी बाजू मांडते. घरातील लहान मुलगी आणि नोकरवर्गातील बालविधवा गेंदा या सोबतिणी आहेत. त्या घरातील तरुण मुलापासून गेंदाला मूल होते. मुलास दूर पाठवले जाते आणि मारहाण, अपमान गेंदाच्या वाट्याला येतो. चोरीचा संशय घेण्यास घर तत्पर असते, पण घरातील पुरुषाकडून झालेला अन्याय मात्र झाकला जातो, ही विषमता कथेतील बालनिवेदिकेच्या भाबड्या नजरेतून अधिक तीव्रतेने जाणवते.

प्रत्यक्ष व्यवहारातही संशयाचे मूळ पुष्कळदा अस्पष्टतेत असते. उचल घेतली, ती किती फिटली? खाडे किती झाले? दिवाळीस दिलेली साडी बक्षीस होती की पगाराचा भाग? दोन्ही बाजूंच्या स्मरणात वेगवेगळे आकडे असतात आणि वाद झाल्यास शब्द मालकिणीचा चालतो. साध्या वहीत दोघींच्या समक्ष लिहिलेली नोंद हा यावरचा उपाय आहे. अशी वही अविश्वासाची खूण आहे असे मानण्याचे कारण नाही. बँकेचे पासबुक ठेवणारा खातेदार बँकेवर अविश्वास दाखवत नसतो.

दान आणि वेतन

सणासुदीला कपडे, मिठाई, जुने सामान, मुलांच्या शाळेची फी अशा रूपाने घरांकडून पुष्कळ दिले जाते. या देण्याचे मोल कमी लेखता येणार नाही. अडचणीच्या वेळी सावकाराच्या दारी जाण्यापासून अनेकींना याच मदतीने वाचवले आहे. परंतु दान आणि वेतन यांतील भेद स्पष्ट असला पाहिजे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते, वेतन घेणाऱ्याच्या हक्काचे असते. इस्लामी धर्मशास्त्रात हा भेद काटेकोरपणे पाळला आहे. घरातील गरजू सेवकास जकात देता येते, मात्र ती त्याच्या मजुरीच्या बदल्यात धरता येत नाही. मजुरी हे देणे आहे, ते जकातीने फिटत नाही. हेच तत्त्व दिवाळीच्या बोनसला, संक्रांतीच्या वाणाला आणि जुन्या कपड्यांनाही लावता येईल. ‘आम्ही तिला इतके देतो’ असे म्हणताना त्यातील किती देणे ठरलेल्या पगारात होते आणि किती मर्जीचे होते, हे वेगळे करून पाहावे.

संघटना आणि कायदा

हे नाते दोन स्त्रियांमधील खासगी बाब आहे, हा समज महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर मोडला गेला. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, वेतनवाढ आणि पगारी रजा यांसारख्या मागण्या मांडल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापिका डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेचे कार्य उभे केले. या संघटनांनी ‘मोलकरीण’ हा शब्द लाजेचा न मानता आपल्या नावात घेतला, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. दीर्घ प्रयत्नांनंतर महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

धार आणि देवास मध्य प्रदेशात असल्याने महाराष्ट्राचा कायदा तेथे लागू नाही. मध्य प्रदेशात २००९ मध्ये शहरी घरकामगार महिलांसाठी कल्याण योजना सुरू झाली आणि २०१८ मध्ये असंघटित कामगारांसाठी संबल योजना आली. केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर ऑगस्ट २०२१ पासून घरकामगारांना नोंदणी करता येते. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरकामगारांचा समावेश होता. त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

सुरक्षेच्या दृष्टीने दोन तरतुदी प्रत्येक शिक्षकास माहीत असणे आवश्यक आहे. पहिली, १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ‘आम्ही तिला शिकवतो, जेवू घालतो’ हे कारण कायद्यापुढे चालत नाही. दुसरी, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख असून मालकाचे घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. तिला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ७ दिवसांत ते प्रकरण पोलिसांकडे पाठवावयाचे असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याच्या शक्यतेचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला दिला. संसदेत या विषयावरील खासगी विधेयके १९५९ मध्येच आली होती, हे लक्षात घेता हा प्रवास किती संथ आहे, याची कल्पना येते.

अध्यापनाच्या दृष्टीने

कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात या विषयास विशेष महत्त्व आहे. तेथे एकाच बाकावर घरकाम करणाऱ्या आईची मुलगी आणि घरात बाई असलेल्या कुटुंबातील मुलगी बसलेली असू शकते. म्हणून कोणाच्या आईचे उदाहरण वर्गात देऊ नये आणि कोणाच्या घराची चौकशीही करू नये. त्याऐवजी वर्गाने मिळून एका काल्पनिक घरासाठी एक पानी करारपत्र तयार करावे. कामाची यादी, वेळ, पगार व तो देण्याची तारीख, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, घर बंद असतानाचा पगार, उचल फेडण्याची पद्धत आणि काम थांबवताना द्यावयाची पूर्वसूचना, एवढे मुद्दे त्यात असावेत. अर्ध्या वर्गाने मालकिणीच्या बाजूने आणि अर्ध्या वर्गाने काम करणारीच्या बाजूने बोलणी करावी, मग बाजू बदलाव्यात. मसुदा मराठी, उर्दू आणि हिंदी अशा तीन भाषांत केल्यास भाषेच्या तासालाही तो उपयोगी पडेल. ज्या बाईला वाचता येत नाही तिला करार कसा समजवावा, हा प्रश्न चर्चेत अवश्य घ्यावा.

समारोप

माळव्यातील घरांनी दासी पाहिली, वाड्यातील आश्रित नोकर पाहिला आणि आता चार घरची बाई पाहत आहेत. या प्रत्येक टप्प्यावर ‘घरच्यासारखी’ ही भावना कोणत्या ना कोणत्या रूपात हजर होती. ती नष्ट व्हावी असे कोणीही म्हणणार नाही. आजारी मालकिणीच्या उशाशी बसणारी बाई आणि बाईच्या मुलीच्या परीक्षेची काळजी करणारी मालकीण, ही दृश्ये या समाजाची शिल्लक आहे. परंतु घरच्या माणसालाही आपला वाटा ठाऊक असतो, घरच्या माणसालाही आजारपणात विश्रांती मिळते आणि घरचे माणूस एका शब्दावर घराबाहेर काढले जात नाही. ‘सारखी’ या शब्दाने जे वचन दिले जाते ते पगाराच्या तारखेत, रजेच्या दिवसात आणि वहीतील नोंदीत उतरले पाहिजे. तसे झाल्यास मावशी ही हाक बदलण्याची गरज राहणार नाही आणि मोलाविषयी बोलण्याचा संकोचही उरणार नाही.